परतीला चौघंच

फोन खाली ठेवा आधी. रमोना, तूसुद्धा. गाडीवाल्यांच्या या कोपऱ्यात मी एकोणीसशे एक्क्याऐंशीपासून बसतोय, आणि इथं कुणी बोलत असताना टेबलाखाली फोन चाळलेला मला चालत नाही. उद्या पहाटे गाड्या काढायच्यात, ठाऊक आहे मला. धुकं बघा बाहेर कसलं उतरलंय. असंच होतं त्या रात्री. तारीख सांगतो, लिहून घ्या हवी तर. गुरुवार, दोन नोव्हेंबर, दोन हजार तेवीस.

"भुताची गोष्ट आहे का, आजोबा?" रमोना विचारते.

भुताची आहे का ते तूच शेवटी सांग. मी शाळेत चार इयत्ता धड केल्या नाहीत, मला त्यातलं कळत नाही. ज्याच्या गाडीत हे झालं त्या विगर्लला मी ओळखतो, एवढं कळतं. खोटं बोलायला डोकं लागतं, आणि ते त्याला देवानं दिलेलं नाही.

तर विगर्लला काम आलं ते अगदी साधं. खरं नाव लुडविग, पण त्या नावानं त्याला फक्त कोर्टानं बोलावलं असेल. आठ सीटची स्वतःची गाडी, नवीकोरी. गावातला रोलांड त्याच्याकडे आला. म्हणाला, शाळेला शरदाची सुट्टी आहे, बाबांना जुनी शहरं दाखवायचीत. रेगेन्सबुर्ग, पासाऊ, मग सीमेपलीकडे क्रुमलोव्ह, प्राग, आणि शेवटी पार मोरावियात. सहा दिवस. माणसं चार. रोलांड, त्याची बायको हाइके, नऊ वर्षांची पोरगी लेओनी, आणि रोलांडचा बाप क्विरिन.

क्विरिन आमच्या टेबलावरचा. एक्क्याऐंशी वर्षांचा, लाकडाच्या वखारीत जन्म गेलेला. बायको वारली तेव्हा घर मुलाच्या नावावर करून दिलं आणि वरच्या मजल्यावर एक खोली ठेवली स्वतःला. आयुष्यात पासाऊच्या पुढे गेला नव्हता. सहलीचं कळलं त्या संध्याकाळी आला, टेबलावर ठक ठक केलं, बसला आणि म्हणाला, "मंडळी, मी युरोप बघायला चाललोय." आम्ही म्हटलं, गाढवा, तू आत्ता बसलायस कुठं? असा हसला!

ती ठक ठक तुम्ही पोरं पण करता, पण अर्थ विसरून करता. भरल्या टेबलाशी माणूस आला की दहा जणांशी हात मिळवत बसत नाही. बोटांची पेरं लाकडावर दोनदा वाजवतो. मी आलो. बसलेले परत वाजवतात. ये, बस, तुझी जागा आहे. परत वाजवलं नाही तर त्या माणसानं चालू लागावं. असं मी एकदाच बघितलंय, पण ते नंतर.

शनिवारी निघाले. क्विरिन सगळ्यांत मागच्या सीटवर एकटा, पाय लांब करता येतात म्हणून. रेगेन्सबुर्गला तो दगडी पूल बघून म्हणाला, "पावणेनऊशे वर्षं एका जागी उभा, आणि लोक कौतुक करतात. मी एक्क्याऐंशी वर्षं उभा आहे तर सून म्हणते बाबा, वाटेतून बाजूला व्हा." हाइके हसली. म्हणजे दात दाखवले. जिथं जाईल तिथं म्हातारा लाकूड ठोकून बघायचा. चर्चमधली बाकं, खानावळीचे दरवाजे. "हे ओक. हे आतून खाल्लंय किड्यानं." लेओनी त्याच्या मागे मागे ठोकत फिरायची.

पासाऊला, रविवारी रात्री, विगर्ल गाडीची काच पुसत होता. हाइके बाहेर आली.

"गुरुवारी परतताना सामान मागच्या सीटवर ठेवलं तरी चालेल," ती म्हणाली. "परतीला आपण चौघंच असू."

विगर्लनं फडकं पिळलं. "चौघं? जाताना पाच आहोत ना, मला धरून?"

"बाबा तिकडंच राहणार आहेत. चांगली जागा आहे. जर्मन बोलणाऱ्या बायका आहेत सेवेला. इकडच्या निम्म्यात होतं. त्यांना अजून सांगितलेलं नाही, उगाच सहलीचा विचका नको. तुम्ही पण बोलू नका, काय?"

आता सांगा. तुम्ही काय केलं असतंत? रमोना, तू तोंड उघडलं असतंस, तुझं तोंड बंद कधी असतं म्हणा. विगर्लनं फडकं पुन्हा पिळलं. त्यात पाणी नव्हतं.

क्रुमलोव्हमध्ये म्हाताऱ्यानं बॅग उघडली. बुधवारी प्रागच्या खानावळीत जेवायला बसले तेव्हा मायलेकी खिडकीशी फोटो काढत होत्या, रोलांड मोरीकडे गेला होता. दुपारी ते घड्याळ बघून आले होते सगळे, ज्यातला सांगाडा घंटा वाजवून मान हलवतो. क्विरिन म्हणाला होता, या हाडक्याला माझ्यापेक्षा जास्त लोक भेटायला येतात. पण आता तो हसत नव्हता.

"विगर्ल," म्हणाला, "सहा दिवसांची सहल. नोव्हेंबर महिना. मग माझ्या बॅगेत अर्ध्या बाह्यांचे शर्ट कशाला?"

"मला काय ठाऊक. बायका काय वाटेल ते भरतात."

"सहा शर्ट आहेत. आणि माझ्या बायकोचा फोटो, चौकटीसकट. तो मी नाही भरला."

विगर्ल पावाचा तुकडा चोळत बसला.

"तू मला परत घरी नेणार आहेस ना? एवढंच सांग. त्यांना नाही विचारत मी. तुला विचारतोय."

आता, तोंडानं खोटं बोलवेना, आणि खरंही बोलवेना. मग विगर्लनं काय केलं? बोटं दुमडली आणि टेबलावर वाजवली. ठक ठक.

म्हाताऱ्यानं परत वाजवली. सूप प्यायला लागला. लिव्हरच्या गोळ्यांचं सूप आमच्यासारखं यांना जमत नाही, म्हणाला. शांत जेवला अगदी.

विगर्ल मला म्हणाला, त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गुरुवारी दुपारी साडेचारला त्या गावात पोचले. ओलोमोउत्सच्या पुढे, टेकडीवर. रोलांड वळून म्हणाला, "बाबा, हा शेवटचा थांबा. जुना मठ आहे. दाराचं कोरीवकाम बघण्यासारखं आहे म्हणतात."

असं सांगून नेलं. बापाला सहलीतलं एक ठिकाण म्हणून त्या दारात नेऊन उभं केलं. लक्षात येतंय का? भांडून नाही, रडवून नाही. बघण्यासारखं आहे म्हणून.

आणि दार खरंच सुंदर होतं. म्हातारा दहा मिनिटं त्याच्यावरून हात फिरवत होता. लेओनीला समजावून सांगत होता की एकच खोड आहे बघ, सांधा नाही कुठं. तेवढ्यात आतून पांढऱ्या कोटातली बाई आली, हसली, आणि स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाली, "या, या. तुमची खोली तयार आहे."

क्विरिन थांबला. त्यानं मुलाकडे नाही बघितलं. सुनेकडे नाही. वळला तो विगर्लकडे. आणि विगर्लच्या हातात त्याची बॅग.

दाराच्या चौकटीवर पेरं वाजवली. ठक ठक.

विगर्लनं बॅग खाली ठेवली. पायऱ्या उतरला. गाडीत जाऊन बसला.

त्यानं परत वाजवलं नाही.

सव्वापाचला निघाले. लेओनीला सांगितलं, आजोबा थोडे दिवस हवापालटाला राहणार. ती काचेला नाक लावून बसली. त्या दिवशी तिकडे मेलेल्यांचा दिवस असतो. टेकडीखालच्या स्मशानात शेकडो दिवे, लाल, धुक्यात. "हे सगळे कुणाची वाट बघतायत?" पोरीनं विचारलं.

रोलांडला वाटेत मुक्काम नको होता. रात्रीतच घरी पोचू म्हणाला. हाइके म्हणाली, "रडू नकोस रोलांड, लोक बघतील." लोक कुठले? बाहेर धुकं.

आठ वाजून दहा मिनिटांनी ते यिहलावाजवळ पेट्रोलला थांबले. तिघं आत गेले. विगर्ल बाहेरच, गाडीच्या बाजूला एक उंच टेबल होतं, तिथं उभ्यानं कॉफी पीत होता. दुसरी गाडी नाही. माणूस नाही. पंपावरचे दिवे तेवढे, तेसुद्धा दुधात बुडवल्यासारखे.

आणि गाडीच्या पलीकडच्या बाजूनं... ठक ठक.

पत्र्यावर वाजल्यासारखं नाही, म्हणतो विगर्ल. लाकडावर वाजल्यासारखं.

आता चूक बघा. भूत आलं तर माणूस पळतो, ओरडतो, देवाचं नाव घेतो. विगर्लनं यातलं काही केलं नाही. तीस वर्षं आपल्या या टेबलाशी बसलेला माणूस. त्याच्या डोक्याला कळायच्या आत त्याच्या हातानं केलं. कॉफीच्या टेबलावर. ठक ठक.

ये. बस. तुझी जागा आहे.

मग त्याला कळलं. पलीकडे जाऊन बघितलं. कुणी नव्हतं.

सगळे गाडीत बसले. पट्टे लावले. विगर्लनं चावी फिरवली आणि समोर लाल दिवा लागला. पिंग... पिंग... पिंग.

"काय झालं?" रोलांड म्हणाला.

तुमच्या गाड्यांना पण आहे ते. सीटवर वजन आलं आणि पट्टा नसला की ओरडते. विगर्लनं बघितलं. दिवा मागच्या सीटचा होता.

"बॅगा ठेवल्यात ना मागे. त्यांचं वजन," हाइके म्हणाली.

"बॅगा डिकीत आहेत," विगर्ल म्हणाला. "मागे मी काही ठेवलेलं नाही."

"मग बिघडलं असेल. चला हो तुम्ही."

चालले. पिंग. पिंग. प्राग येईपर्यंत पिंग. वळसा घालून पिल्झनच्या रस्त्याला लागले, तरी पिंग. रोलांडनं रेडिओ लावला. रेडिओ नुसता खरखरत होता. बंद केला. मागं वळून कुणी बघेना. हाइकेनं कोट गळ्यापर्यंत ओढून घेतला. गार झुळूक येते, म्हणाली, मागची काच उघडी राहिली का?

मागची काच उघडत नाही त्या गाडीची.

पिल्झन गेलं. अकरा वाजून वीस. दोन्ही बाजूला जंगल. लेओनी झोपली होती. ती झोपेतच कुशीवर वळली आणि वैतागून म्हणाली,

"आजोबा, पट्टा लावा ना. किती वेळ पिंगपिंग..."



मागे कापड सरकलं. हळू... म्हाताऱ्या हाताला वेळ लागतो तसं. शोधत. चाचपत.

क्लिक.

दिवा विझला.

काय रे, कुठं चाललास? बस खाली. मोरी कुठं पळून जात नाही.

तर. गाडीत चार माणसं आणि नुसता टायरचा आवाज. हाइके कुजबुजली, "थांबवा. गाडी थांबवा."

"इथं?" विगर्ल म्हणाला. "थांबवतो. मग मागचं दार कोण उघडणार ते सांगा. तुम्ही?"



रोलांडनं फोन लावला. त्या मठात. बराच वेळ वाजला. मग रात्रपाळीची बाई.

"माझे वडील... आज आलेले... ते कसे आहेत?"

"झोपलेत हो. आत्ता कुणी असं विचारतं का?"

"जाऊन बघा. प्लीज. मी थांबतो."

तिची पावलं ऐकू आली सगळ्यांना. दार. मग परत पावलं.

"झोपलेत. श्वास चालू आहे, मी हात लावून बघितलं. पांघरूण नीट केलं. आता झोपा तुम्ही पण."

फोन बंद.

कळलं का तुम्हाला? मेला नव्हता तो. तुम्हाला वाटलं असेल, मेला आणि आला. मलाही तसंच वाटलं होतं ऐकताना. म्हातारा तिथं जिवंत होता, पांघरुणात, श्वास घेत होता. मग मागे...

रोलांडनं "बाबा" अशी हाक मारली. एकदाच. अगदी लहान आवाजात.



विगर्लनं आरसा वर छताकडे वळवला आणि त्यानंतर दीड तास फक्त पांढऱ्या पट्टीकडे बघितलं. सीमा गेली. रेगेन्सबुर्ग गेलं. एक वाजून दहा मिनिटांनी गाडी रोलांडच्या फाटकाशी थांबली. इंजिन बंद केलं.

क्लिक.

पट्टा सुटला. कुणाचा ते विचारू नका. चौघांनी अजून आपले सोडले नव्हते.

विगर्लनं सरकतं दार उघडलं. मागच्या सीटवर कुणी नाही. सीट सपाट. पण लेओनी टक्क जागी झाली होती, आणि ती कुणाच्या तरी मागं निघाल्यासारखी सरळ घरात धावली. जिन्यावरून वर.

"लेओनी! वर जाऊ नकोस!" हाइके किंचाळली. "खोलीत पाय टाकायचा नाही! वार्निश ओलं आहे!"

विगर्ल बॅग घेऊन अंगणात उभा होता. म्हणाला, "कसलं वार्निश?"

त्यानं पुन्हा विचारलं.

"कुठल्या खोलीत?"

मग रोलांडनं सांगितलं. जमिनीकडे बघत सांगितलं. सोमवारी माणसं येऊन पलंग घेऊन गेली होती. कपाट पण. भिंती रंगवून झाल्या. फरशीची लाकडं तासून आज संध्याकाळी सहाला शेवटचा हात मारला. हाइकेला बसून काम करायला खोली हवी होती. परत आल्यावर तयार मिळावी, म्हणून सहलीच्या दिवसांतच...

सोमवारी. म्हणजे क्रुमलोव्हमध्ये म्हातारा पोरीला किल्ल्यातली अस्वलं दाखवत होता, तेव्हा इकडे त्याचा पलंग जिन्यावरून खाली येत होता. विगर्लला वाटलं होतं, आपल्याला सगळं ठाऊक आहे. आपण काय केलंय ते आपल्याला कळलंय. त्याला निम्मंच सांगितलं होतं. चोरांनी चोरालासुद्धा फसवलं.

पुढचं सांगायच्या आधी टेबलाचं सांगतो. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, विगर्ल इथं आला. आम्हाला तोपर्यंत कळलं होतं, गावात काय झाकून राहतं. त्यानं ठक ठक केलं. सहा जण होतो. कुणाचा हात हलला नाही. माझाही नाही. तो टोपी हातात धरून उभा राहिला. मग उभ्याउभ्याच हे सगळं त्यानं सांगितलं, आत्ता मी सांगितलं तसं. मी म्हटलं, विगर्ल, बापाला टाकणारे ते, आणि वर भुताच्या गोष्टी सांगून सुटायला बघणारा तू. तो म्हणाला, "मला सुटायचं नाहीये. चल, बघून ये."

गेलो. रोलांडनं दार उघडलं. रात्रभर न झोपलेला चेहरा. मला काही विचारलं नाही. वर घेऊन गेला.

ती खोली त्या रात्री बंद होती, तो म्हणाला, कुलूप लावलेलं. रंगाऱ्यानं सहाला कुलूप लावून किल्ली पत्रांच्या पेटीत टाकली होती. लेओनी वर गेली तेव्हा बंद दाराशीच उभी होती. रोलांडनं स्वतः पेटीतून किल्ली काढून उघडलं, चौघांच्या देखत. खिडकी आतून लावलेली. फरशी आरशासारखी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दारापासून आत जाणारा एक ठसा नाही, एक डाग नाही. फक्त पलीकडे, खिडकीशी... ते शेवटी सांगतो.

क्विरिन त्यानंतर मार्चपर्यंत जगला. बायका सांगायच्या, जेवतो, झोपतो, त्रास देत नाही. फक्त बोलत नाही. डोळे उघडे असतात, पण आत कुणी नसल्यासारखे. रोलांड दोनदा जाऊन आला. परत आणू म्हणाला. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, आणून काय करणार, यांना आपण कुठं आहोत हे कळतच नाही.

खिडकीजवळचं ते जावं म्हणून फरशी रोलांडनं दोनदा तासून घेतली. दुसऱ्यांदा तर वेगळा कारागीर, लांडशूटहून. मी गेल्या ईस्टरला गेलो होतो. हाइके त्या खोलीत बसत नाही. तिथं जाड गालिचा टाकलाय. मी म्हातारा माणूस, मला कोण अडवणार. कोपरा उचलला.

खिडकीच्या बाजूला. जिथं पलंग होता, त्याच्या कडेशी. उघड्या पावलांचे दोन ठसे. शेजारी शेजारी. टाचा मागं, बोटं खोलीच्या बाजूला. चालत आलेले नाहीत. माणूस पलंगाच्या कडेवर बसून पाय खाली टेकवतो ना... तसे. वजन टाचांवर.

उजव्या पायाची पाच बोटं. डाव्याची चार. अंगठ्याच्या जागी फरशी कोरी.

एकोणीस वर्षांचा असताना वखारीतल्या करवतीनं नेला होता त्याचा. लाकूड मी धरलं होतं.